रिसर्च मेथडॉलॉजीची उजळणी क्विझने करायचीय, प्रश्न कसले काढू?

मास्तर_बार्देश

मंडळी, जरा मदत हवीय. टीवायबीएला रिसर्च मेथडॉलॉजी आणि अकॅडेमिक रायटिंग शिकवतो. चतुर्थीची सुट्टी संपली की मुलांनी प्रोजेक्टचा पहिला ड्राफ्ट द्यायचाय, त्याआधी सगळ्याची एकदा उजळणी करून घ्यायचीय, पण त्याच स्लाईड्स परत दाखवल्या तर मागचे बाक सरळ मोबाईलमध्ये जाणार. म्हणून क्विझ. चार-चार जणांच्या टीम, स्क्रीनवर चौकटींचा बोर्ड, वर विषय (संदर्भ देणं, वाङ्मयचौर्य, माहिती शोधणं, पेपरची रचना) आणि खाली १०० पासून ५०० पर्यंत पॉइंट, टीमने चौकट निवडायची, बझर दाबायचा, उत्तर द्यायचं. प्रश्न काढलेत ते असे: ॲब्स्ट्रॅक्ट म्हणजे काय, हायपोथिसिसची व्याख्या सांगा, डीओआयचा (लेखाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाचा) फुलफॉर्म काय. काढता काढता मलाच जांभया यायला लागल्या हो. कोणी वर्गात असलं काही केलंय का? आणि ५०० पॉइंटांचा प्रश्न म्हणजे किती कठीण असावा?

ग्रंथपाल_बाय

सर, फुलफॉर्म विचारूच नका, ते पोरं रात्री पाठ करतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. काहीतरी समोर ठेवा आणि ठरवायला लावा. आमच्याकडे लायब्ररी ओरिएंटेशनला मी हा प्रश्न घेते: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळचे 'गोमंतक' आणि 'राष्ट्रमत' या वर्तमानपत्रांचे अंक हे प्राथमिक साधन (मूळ पुरावा) की दुय्यम (त्यावर दुसऱ्या कोणी लिहिलेलं)? अर्धा वर्ग ओरडतो दुय्यम, कारण पुस्तकात 'वर्तमानपत्र: दुय्यम' असं काहीतरी वाचलेलं असतं. मग मी विचारते, तुमचा प्रोजेक्ट कशावर आहे? एक पेपर विलीनीकरणाच्या बाजूने आणि दुसरा विरोधात कसा लढला हे बघायचं असेल तर ते अंक म्हणजे तुमचं प्राथमिक साधन. आणि गावागावांत मतदान कसं झालं हे काढायचं असेल तर त्याच पेपरातल्या बातमीवर थांबून चालणार नाही, मोजणीच्या अधिकृत कागदापर्यंत जावं लागेल. म्हणजे उत्तर अंकात नाहीच, तुमच्या प्रश्नात आहे. एवढं कळलं तरी माझ्या मते तास वसूल.

त्याच विषयावर दुसरा, सोपा. "१६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला" याला संदर्भ द्यायचा का? आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट, नाही दिला तर चालतं. "विलीनीकरणाविरुद्धची मतं ३४,०२१ ने जास्त पडली" याला? इथे द्यायलाच हवा. दोन वाक्यं शेजारीशेजारी दाखवा, व्याख्या सांगावी लागत नाही.

पीएचडी_चालूच_आहे

वाङ्मयचौर्याच्या रकान्यात माझ्याकडून एक. "सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये ८ टक्के साम्य आलं, म्हणजे चोरी नाही. बरोबर की चूक?" सगळे बरोबर म्हणणार, कारण यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही हे सीनियर लोकांनी कानात भरवलेलं असतं. (ते नियम तसे एमए आणि त्यावरच्या कामाला आहेत, टीवायच्या प्रोजेक्टला नाहीत, पण पुढे जायचंय तर आताच कळलेलं बरं.) आता ते ८ टक्के म्हणजे एकाच पुस्तकातून उचललेला अख्खा निष्कर्ष असेल तर? आणि दुसऱ्याचा मुद्दा आपल्या शब्दांत फिरवून लिहिला, नाव दिलं नाही, तर साम्य शून्य येईल आणि चोरी मात्र पूर्ण. सॉफ्टवेअर फक्त शब्द जुळवतं. आमच्या इथे एकाने टक्के कमी करायला प्रत्येक वाक्यात दोन शब्द बदलले, 'महत्त्वाचा'चं 'महत्त्वपूर्ण' वगैरे, आणि गाईडने वाचून अर्ध्या पानात पकडला.

अजून एक, एपीए (संदर्भ लिहायची अमेरिकन पद्धत) विचारणार असाल तर २०१९ ला आलेली सातवी आवृत्ती बघून उत्तरं ठेवा. झेरॉक्सवाल्याकडे फिरणाऱ्या नोट्स अजून सहावीच्या आहेत. सातवीत पुस्तकाच्या संदर्भात प्रकाशकाचं गाव लिहीत नाहीत, आणि तीन किंवा जास्त लेखक असले तर मजकुरात पहिल्यापासूनच पहिलं नाव आणि पुढे 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. नाहीतर वर्गात भांडण नक्की.

फोंडेकर

मला वरचं सगळं मान्य नाही. साध्या आठवणीच्या प्रश्नांना एवढं हिणवू नका, उजळणीच तर आहे. रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग बघा, उतारा परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवडाभराने ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे. म्हणजे नुसतं डोकं खाजवून उत्तर काढण्यातही फायदा आहे. १०० आणि २०० ला साधे प्रश्न ठेवाच, नाहीतर अबोल मुलं तोंडच उघडणार नाहीत.

माझी तक्रार आहे बझरवर. बझर दाबणारा प्रत्येक टीममध्ये एकच असतो, तोच जो एरवीही पहिल्या बाकावरून हात वर करतो, बाकीचे तिघे टाळ्या वाजवायला. आठवण्याचं काम त्या एकाचंच होतं आणि वर मी दिलेला फायदाही त्या एकालाच. बझर काढा, प्रत्येकाला चिठ्ठी द्या, आधी एकट्याने लिहायचं, मग टीमने बोलून एक उत्तर ठरवायचं.

ग्रंथपाल_बाय

फोंडेकर, चिठ्ठीचं पटलं. त्यासाठी एक २०० चा प्रश्न घ्या: डेटाबेसमध्ये "मायनिंग अँड गोवा" टाकलं तर जास्त रिझल्ट येतील की "मायनिंग ऑर गोवा"? बोलताना 'हे आणि ते' म्हटलं की ताटात जास्त पडतं ना, म्हणून मुलं हमखास 'अँड' लिहितात. खरं तर 'अँड' म्हणजे दोन्ही शब्द असलेलेच लेख, कमी येणार, आणि 'ऑर' म्हटलं की जगभरच्या खाणी अधिक गोव्याच्या बीचवरचे लेखसुद्धा. लगेच कॉम्प्युटरवर टाकून दाखवा, आकडे बघून वर्गात "आं?" होतं.

कागदी_होडी

५०० चा प्रश्न माझ्याकडून, आणि गोंयकाराचाच. चार संदर्भ द्या, एक बनावट, इंटरनेट वापरून पाच मिनिटांत शोधून काढायचा. डीओआय १० ने सुरू होतो का, तो उघडतो का, उघडलेल्या पानावर तोच लेख आहे का, त्या जर्नलच्या त्या अंकात ती पानं आहेत का. हल्ली चॅटजीपीटीकडून मागितलेले संदर्भ दिसायला इतके चोख असतात की हा सराव हवाच.

आणि उत्तर सांगताना दामोदर कोसंबींचा किस्सा सांगा. १९०७ ला गोव्यात जन्मलेला माणूस, १९३१ मध्ये त्यांनी गणितावर एक टिपण छापलं आणि त्यात डी. बूर्बाकी नावाच्या रशियन गणितज्ञाचं प्रमेय आधाराला घेतलं, जो कधी अस्तित्वातच नव्हता! फ्रेंच गणितज्ञ मित्र आंद्रे व्हेलच्या सांगण्यावरून एका सहकाऱ्याची खोडी काढायला केलेलं. पुढे व्हेल आणि फ्रान्समधल्या मंडळींनी बूर्बाकी हेच टोपणनाव घेऊन खरोखरचं गणित लिहिलं. पोरांना सांगा, कोसंबींना जमलं ते तुम्हाला जमणार नाही, तुमचे पेपर तपासणारे हल्ली गुगल करतात.

मास्तर_बार्देश

आयला, हे कोसंबींचं मला माहीतच नव्हतं. ५०० ला तेच. बझर कॅन्सल, चिठ्ठ्या चालू. वर्गाचा अर्धा तास एकट्या ५०० च्या प्रश्नांत जाईल म्हणून बोर्डवरचे रकाने चाराचे तीन करतो, पेपरची रचना हा रकाना उडवला, ते ड्राफ्ट तपासताना तसंही बोलावंच लागतं. बाय, जनमत कौलाच्या प्रश्नासाठी त्या अंकांची स्कॅन केलेली पहिली पानं कुठे मिळतील, पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत विचारू का?

ग्रंथपाल_बाय

हो, तिथेच विचारा, जुन्या पेपरांच्या विभागात. तारखा लिहून न्या, 'जानेवारी ६७ चं काहीतरी' म्हटलं तर दुपार जाईल.