मदत हवी आहे: जेने मशिदीचा गिलावा

मालीतल्या जेने गावच्या मातीच्या मशिदीवर आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध करतेय. आजची इमारत १९०७ची. भिंती उन्हात वाळवलेल्या विटांच्या, आणि पावसाने झिजणारा गिलावा दरवर्षी सगळं गाव मिळून नव्याने चढवतं. भिंतीतून बाहेर आलेले ताडाचे वासे नुसती शोभा नाही, गिलावा करणारे त्यांवरच चढतात!

अडलंय ते गिलाव्यात. चिखलात भाताचा कोंडा घालून तो आंबवतात. याने फक्त तडे कमी होतात, की पाणीही अडतं? मातीकाम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा. भिंतींचे छेद-आराखडे कुणाकडे आहेत का? फोटो ढीगभर मिळाले, मापं कुठेच नाहीत. पश्चिम आफ्रिकेत राहिलेलं कुणी असेल तर फारच उत्तम.