अनुभव धागा : रॉबिन विल्यमसन ऐकणारं कोणी आहे का?

साठच्या दशकातलं ब्रिटिश संगीत म्हटलं की आपल्याकडे गाडी बीटल्सवर थांबते, फार तर पिंक फ्लॉइडपर्यंत जाते. त्याच काळात एडिंबरातून आलेला गायक-वादक रॉबिन विल्यमसन (जन्म १९४३) मात्र कुणाच्या गप्पांत येत नाही. क्लाइव्ह पामर हा बँजोवाला, माइक हेरन आणि हा, असे तिघे. पामर ग्लासगोत एक फोक (लोकसंगीत) क्लब चालवायचा, त्याच्या नावातलं 'इन्क्रेडिबल' उचलून बँडचं नाव पडलं इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड. १९६६ मध्ये पहिली तबकडी निघाली आणि लगेच मंडळी पांगली. पामर अफगाणिस्तान-भारताच्या वाटेला लागला, विल्यमसन मोरोक्कोला गेला. पैसे संपल्यावर परतला तो वाद्यांचं गाठोडं घेऊनच. मग हेरनबरोबर त्याने १९६७ ची 'द ५००० स्पिरिट्स ऑर द लेअर्स ऑफ द अनियन' केली आणि १९६८ ची 'द हँगमन्स ब्यूटिफुल डॉटर'. ही दुसरी ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढली होती, आज खोटं वाटेल. लेड झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लँट या बँडचं ऋण उघड मान्य करतो.

'हँगमन्स'वर विल्यमसनच्या नावापुढे गिटार, गिंब्री, ऊद, मँडोलिन, पियानो, पेनी व्हिसल, पॅनपाइप, मोरचंग, माउथ ऑर्गन आणि चक्क शहनाई आहे. (स्पेलिंग 'चाहनाई' छापलंय, पण आहे ती आपलीच.) गाणं वेगळंच.

तुमच्या कानावर तो कसा पडला, काय भावलं, काय डोक्यात गेलं, ते लिहा. नुसतं 'ग्रेट आहे' नको, ते मीही म्हणू शकतो.

मिरजेहून

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम चालतं, त्यामुळे कान आधी जवारीकडे (तारेच्या झणकाराकडे) जातो, गाण्याकडे नंतर. मुलाने 'हँगमन्स' लावली तेव्हा मी आत बसून घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासत होतो. सतार वाजली आणि हात थांबला. कौतुकाने नव्हे हो! वाजवणारा (हेरन असावा, मुलाने नावं वाचून सांगितलं) मींड (तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणं) खेचायला बिचकतो, गिटारसारखे तोडून तोडून स्वर घेतो. तारेवर बोट आहे पण तार ओढायची भीती आहे. शहनाईबद्दल तर बोलायलाच नको, जत्रेतली पिपाणी बरी.

पण मग त्या आधीच्या तबकडीवर 'चायनीज व्हाइट' नावाचं गाणं ऐकलं. त्यात मागे काहीतरी रडवेलं, घशातून आल्यासारखं वाजतं. मुलगा म्हणाला, ही गिंब्री. मोरोक्कोचं तीन तारांचं वाद्य, पोटावर चामडं ताणलेलं, तिकडे छेडून वाजवतात. या पठ्ठ्याने त्यावर गज फिरवलाय! चामड्यावर घोडी आणि वरून गज म्हणजे आपल्या सारंगीचीच जात की. चामडं असलं की आवाजाला दम राहत नाही, पटकन विरतो, आणि गजाने तो पुन्हा पुन्हा उठवावा लागतो. त्यातून ती धाप लागल्यासारखी लय येते. हे त्याला कुणी शिकवलं नसणार, वाजवता वाजवता हाताला लागलं असणार. त्या माणसाचं कुठल्याच वाद्यावर प्रभुत्व नाही, हे माझं मत मी बदलणार नाही. पण कुठल्या लाकडातून काय निघेल याचा त्याला नाद आहे, आणि आमच्या धंद्यात तो नाद असलेला माणूस वाजवणाऱ्यापेक्षा दुर्मीळ.

मुंबई, दादर

मिरजकर काका, 'स्पिरिट्स'वरची सतार मात्र ऐकाच, ती वेगळ्या हातची आहे. त्या तबकडीवर सतार आणि तंबोऱ्यापुढे नाव आहे 'सोमा'. मी एमएला असताना आमच्या बाईंनी 'द राग्ज ऑफ नॉर्थ इंडियन म्युझिक' हातात दिलं होतं, १९७१ चं, थाटांच्या वर्तुळाची मांडणी असलेलं. सोबत विलायत खाँसाहेबांच्या सतारीची छोटी तबकडीही निघाली होती. लेखक नझीर जयराजभॉय, मुंबईत वाढलेले, आधी लंडनला शिकवणारे, पुढे लॉस एंजेलिसला गेले. तर सोमा म्हणजे तेच! आपण ज्या पुस्तकातल्या आकृत्या घोकल्या त्याचा लेखक रंगीबेरंगी हिप्पी मुखपृष्ठामागे टोपणनावाने सतार छेडत बसलाय, हे कळल्यावर मी एकटीच मोठ्याने हसले.

ऐकताना जाणवतं की ते कुठेही मिरवत नाहीत. विल्यमसन कुठे वळणार याचा नेम नसतो: ओळ मध्येच लांबते, ताल सुटतो, दुसरीच चाल सुरू होते. सतार शांतपणे षड्ज धरून मागे उभी. संगत कशी करावी ते त्यावरून शिकावं.

आणि त्याचा गळा! सुरात आहे का, तर नेहमी नाही. पण तो स्वरावर सरळ येतच नाही. खालून उचलतो, वर घसरवतो, एका अक्षरावर पाच-सहा वळणं घेतो. आपल्या कानाला ती गाण्यातली हरकत वाटते, तिकडच्या फोकवाल्यांना तेव्हा विचित्र वाटलं असणार. मला वाटतं त्याचं खरं वाद्य हे, बाकीची त्याला साथीला.

डोंबिवली

माझा अनुभव छोटा आहे. मी बासरी शिकते. भाच्याने परदेशातून पत्र्याची पेनी व्हिसल आणली, जत्रेत मिळते तशी उभी धरून फुंकायची, सहा भोकांची. सोबत विल्यमसनचंच 'द पेनी व्हिसल बुक'. आपल्याकडे वरची तीन भोकं बंद केली की सा. तिथे सहाही बंद केली की सा. पहिले काही दिवस मेंदूचा नुसता भुगा! मग एकदा बोटं बसली आणि त्या पुस्तकातल्या धुनी भराभर यायला लागल्या. नंतर तबकड्या ऐकल्या तर तो स्वतः पुस्तकापेक्षा कितीतरी अघळपघळ वाजवतो. गुरुजींना ऐकवलं. म्हणाले, "श्वास चांगला आहे." आमच्या गुरुजींकडून एवढं आलं म्हणजे पुरस्कारच समजा.

नागपूर

मला नाही झेपलं. दोन वेळा ऐकलं, दोन्ही वेळा बायकोने येऊन विचारलं की मांजर कुठे अडकलंय का. बाकी चालू द्या.

टोरांटो

नागपूरकर 😄

हा माणूस मागे का पडला याचं एक कारण मला वुडस्टॉकमध्ये, अमेरिकेतल्या त्या गाजलेल्या संगीत महोत्सवात, दिसतं. ऑगस्ट १९६९, शुक्रवारची रात्र, फोकवाल्यांची. बँडची पाळी होती आणि पाऊस आला. यांच्याकडे विजेवरची वाद्यं, ओल्यात वाजवायला नकार दिला. निर्माता जो बॉइड सांगत होता की नुसत्या गिटारी घ्या आणि जा. ऐकलं नाही. त्यांच्या जागी मेलनी ही गायिका चढली आणि त्या एका रात्रीत तिचं नाव झालं. यांना दुसऱ्या दिवशी भर उन्हात उभं केलं, पुढे कॅन्ड हीटसारखा दणदणीत बँड, लोकांना नाचायचं होतं. महोत्सवावरच्या चित्रपटात तर यांचा मागमूसच नाही.

दुसरं कारण लोक सांगतात ते सायंटॉलॉजी हा पंथ. १९६८ च्या अखेरीला बँड त्यात गेला, आणि मग गाणी नीटनेटकी झाली. माझ्या कानाला तरी १९७० नंतरच्या त्यांच्या गाण्यांत तो झपाटलेपणा उरत नाही, एकदोन अपवाद सोडून. १९७४ ला बँड फुटला.

कार्डिफ

टोरांटोवाल्यांचं वाचून वाटेल की विल्यमसन १९७४ ला संपला. छे! तो नंतर अमेरिकेत गेला, हार्प हातात घेतला, जुन्या केल्टिक कथा सांगायला लागला. मी इथे नोकरीसाठी आले आणि वर्षभरात ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने एका छोट्या सभागृहात नेलं. पांढरे केस, अंगाने थोराड माणूस, शेजारी बायको, नाव बिना, गजाने वाजवायचं सॉल्टरी हे तंतुवाद्य घेऊन. प्रेक्षक इतके कमी की मलाच लाजल्यासारखं झालं.

तो हार्पच्या तारा लावता लावताच बोलायला लागला, कुठल्यातरी राजाच्या दावणीच्या गायीबद्दल. खुंटी पिळतोय, बोलतोय, तार छेडून बघतोय. जरा वेळाने लक्षात आलं की लावणं केव्हाच संपलंय आणि हे जे वाजतंय ती गोष्टीची साथ आहे. मग बोलणं चढत गाण्यात गेलं. आमच्या गावच्या देवळात कीर्तनकार बुवा असंच करायचे, गोष्टीतून अभंगात कधी शिरले ते कळायचं नाही. शेजारचे गृहस्थ टाचेने ठेका धरून होते, आणि मी नकळत टाळ्या सुरू केल्या, त्याही चुकीच्या जागी. कुणी वळून पाहिलं नाही, हे ब्रिटिश सौजन्य.

'कुठल्याच वाद्यावर प्रभुत्व नाही' हे मात्र हार्पला लागू नाही, काका. तिथे हात पक्का आहे.

मिरजेहून

ताई, हार्प ऐकला नाही. ऐकून बोलतो.

पुणे, कोथरूड

मी उलट्या दिशेने आलो. जॅझ ऐकणारा, ईसीएम या जर्मन कंपनीच्या तबकड्या जमवणारा. २००६ ची 'द आयर्न स्टोन' केवळ मॅट मनेरीच्या व्हायोलासाठी घेतली आणि हा म्हातारा कोण म्हणून चक्रावलो. ईसीएमवर त्याच्या चार आहेत. पहिली, २००० ची, त्यात डिलन टॉमसच्या कविता. पुढच्या 'स्कर्टिंग द रिव्हर रोड'मध्ये ब्लेक, व्हिटमन आणि हेन्री व्हॉन. शेवटची २०१४ ची, म्हणजे सत्तरीत केलेली. तिथे तो कविता म्हणतो, गातो, पुटपुटतो, आणि मनेरीचा व्हायोला त्या पुटपुटण्याच्या फटींत शिरतो. श्रुतींच्या मधल्या जागांत फिरणारे दोघे, त्यामुळे पाश्चात्त्य कानाला जे बेसूर ते यांना घरचं.

हिप्पी म्हणून त्याला कप्प्यात टाकणाऱ्यांनी हे ऐकलेलंच नसतं. आणि ईसीएमवाल्यांनी १९६७ ऐकलेलं नसतं. दोन्ही दुकानांत गिऱ्हाईक वेगळं, म्हणून माणूस मधल्यामध्ये लटकला.

सोलापूर

छान माहिती. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सुरुवात कुठून करू? मांजरवालं नको.

धागाकर्ता

सोलापूरकर, आधी पहिल्या तबकडीवरचं 'ऑक्टोबर साँग' ऐका. एक गिटार, एक गळा, मांजर नाही. बॉब डिलनने १९६८ च्या मुलाखतीत त्याचं नाव घेतलं होतं. मग 'फर्स्ट गर्ल आय लव्ह्ड', जे जूडी कॉलिन्सनेही गायलंय, तिच्या तोंडी मुलीचा मुलगा झाला. हे पचलं तर 'हँगमन्स' अखंड ऐका, मधून मधून नको. त्यावर डॉली कॉलिन्सचा फ्लूट ऑर्गनही आहे, तो कुणीच कसा उल्लेखला नाही!

मुंबई, दादर

मी असते तर १९७२ च्या 'मर'पासून सुरू करायला सांगितलं असतं. त्याची एकट्याची पहिली. 'हँगमन्स'ने नवा माणूस पळून जाईल.

धागाकर्ता

'मर' नाव सांगून नवा माणूस थांबेल होय? (गंधरस हो, गैरसमज नको.) बरं, सोलापूरकर, दोन्ही ऐका आणि इथे येऊन सांगा. मिरजकर काकांचा हार्पवरचा निकालही बाकी आहे.