मदत हवी आहे: गरम झाल्यावर गाडी सुरू होत नाही, इंजिनचा दिवा अधूनमधून लागतो

धागाकर्ता
२०११ची पेट्रोल हॅचबॅक, बीएस-४, रनिंग १ लाख १८ हजार किमी. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होते. तासभर चालवून दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवली, की सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू! इंजिनचा पिवळा दिवा कधीतरी लागतो आणि दोन-चार दिवसांनी आपोआप जातो. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत सगळं ठीक असतं. तिथे पेट्रोल पंप बदला म्हणतात. त्याआधी घरी काय तपासू? मल्टिमीटर आहे.

पाना_दहाबारा
पंपावर आत्ताच पैसे घालू नका. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांचा प्रश्न मिटला. हा बिघाड गाडी अडलेली असतानाच सापडतो, गार झाल्यावर काहीच दिसणार नाही. पुढच्या वेळी अडली की क्रमाने हे बघा.

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) सप्लाय नाही, मेन रिले आणि फ्यूज बघा. किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीरोधक यंत्रणा. दुसरी चावी लावून पाहा. त्याच वेळी मागच्या सीटखालून पंपाचा दोनेक सेकंद घूं आवाज येतो का ऐका.

मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. अनेक गाड्यांत तो थोडा उचलतो. तुमच्या गाडीत उचलतो का, हे सकाळी थंड असताना आधी पाहून ठेवा. सकाळी हलतो आणि अडल्यावर मेल्यासारखा पडून राहतो, तर क्रँक सेन्सरचा (इंजिनचा क्रँकशाफ्ट फिरतोय हे ईसीयूला सांगणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल येत नाही. तो नसेल तर ईसीयू स्पार्क देत नाही, इंजेक्टर उघडत नाही आणि पंपाचा रिलेही सोडून देतो. म्हणूनच बिचारा पंप नाहक बदलला जातो.

ओहम_शांती
वरचं पटलं, पण फ्लडिंगही, म्हणजे इंजिनात जास्त पेट्रोल साचणं, वगळून घ्या. अडल्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल तोडतो. काळा धूर आणि पेट्रोलचा वास सोडत सुरू झाली, तर गळका इंजेक्टर किंवा कूलंट टेंपरेचर सेन्सर. हा सेन्सर साधारण २० अंशांना २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतो. गरम इंजिनवरही किलोओहममध्येच राहिला, तर ईसीयू इंजिन थंड समजून पेट्रोल ओतत राहतो.

दिवा गेला तरी बिघाडाचा कोड बरेचदा ईसीयूच्या मेमरीत राहतो. स्कॅनर लावा, कोड लिहून घ्या आणि मगच पुसा. आधी बॅटरीची तार काढलीत तर पुरावा गेला. फोनच्या ब्लूटूथ डोंगलला काही जुन्या गाड्या दाद देत नाहीत, तेव्हा गॅरेजचा स्कॅनर लागेल. आणि चालू गाडीत हा दिवा लुकलुकायला लागला तर मिसफायर आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही. रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

धागाकर्ता
काल अडली. दिवा लागतो, पंपाचा आवाज येतो, किल्लीचं चिन्ह नाही. काटा थंडीत हलतो, अडल्यावर अजिबात नाही. ॲक्सिलरेटर दाबून फरक नाही. कोड पी०३३५. बॅटरी बंद गाडीत १२.५ व्होल्ट, चालू गाडीत १४.१. सेन्सरला दोन वायरी आहेत.

पाना_दहाबारा
पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पण कोड सर्किटचा आहे, सेन्सरचाच नव्हे. आधी कनेक्टर काढा: तेल, हिरवट गंज, सैल पिना, तुटकी क्लिप. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. सेन्सर गिअरबॉक्सच्या तोंडाशी किंवा क्रँक पुलीजवळ असतो, तिथली वायर उष्णतेने कडक होऊन आतून तुटते. मीटर लावून ती हलवून बघा.

दोन वायरी असल्याने सेन्सर बहुधा इंडक्टिव्ह, म्हणजे आत तारेची कॉइल असलेला. चावी बंद, कनेक्टर काढलेला, मग रेझिस्टन्स मोजा. थंडीत अनेकांचा ५०० ते १५०० ओहम येतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. अडलेल्या अवस्थेत तोच ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवला तर आतली कॉइल गरमीने सुटतेय. खात्रीसाठी त्याच वेळी सेन्सरवर गार ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा. लगेच सुरू झाली तर विषय संपला. पाणी ओतू नका.

ओहम_शांती
तीन वायरींचा हॉल सेन्सर असता तर रेझिस्टन्स मोजायचा नसतो, सप्लाय आणि अर्थिंग तपासायचं. तुम्हाला ते लागू नाही.

बदलताना पार्ट नंबर जुळवून कंपनीचाच किंवा नामांकित ओईएम (गाडी कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या कंपनीचा) घ्या. स्वस्तातल्यांचं अंतर आणि सिग्नल नीट जुळत नाही. जुना काढताना टोकाला चिकटलेला लोखंडी कीस पुसून बघा, नुसत्या त्यानेही सिग्नल बिघडतो. ओ-रिंगला थेंबभर इंजिन ऑइल लावा, हाताने दाबून पूर्ण बसवा, बोल्टने ओढून बसवू नका. बोल्ट छोटा असतो, जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे जातात. कोड पुसा आणि गाडी तासभर चालवून, पंधरा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सेल्फ मारा. थंड गाडीवरची टेस्ट इथे काही कामाची नाही.