वायरलेस चार्जिंग पॅड आणि घरात पेसमेकर

प्रश्न: स्कूटरसाठी जमिनीवरचा चार्जिंग पॅड घ्यावा म्हणतोय. पण बाबांना पेसमेकर आहे, आणि मांजर उबदार जागा दिसली की तिथेच पसरतं. काळजीचं आहे का?

उत्तर: पॅडचं चुंबकीय क्षेत्र साधारण 85 किलोहर्ट्झचं असतं, क्ष-किरणांसारखं नव्हे. सर्वसामान्यांसाठी आयसीएनआयआरपीची (अशा क्षेत्रांपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) 2010 ची मर्यादा 27 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे. अंतर वाढलं की क्षेत्र झपाट्याने उतरतं. स्कूटर तिरकी लावली, पॅडमधली आणि स्कूटरमधली कॉइल (तारेची वेटोळी) समोरासमोर आल्या नाहीत, तर मात्र बाहेर जास्त सांडतं.

उत्तर: पेसमेकरला ती मर्यादा पुरेशी धरू नका, हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. चार्जिंग चालू असताना बाबांनी पॅडपाशी वाकू नये. मला जास्त धास्ती धातूची. माझ्या पॅडवर एक वॉशर राहिला होता. उचलायला गेलो आणि बोट असं भाजलं की दोन दिवस फोड! बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत भोवरी प्रवाह, म्हणजे गोल गोल विजेचे प्रवाह, फिरतात, तो तापतो. परकी वस्तू ओळखून वीज तोडणाराच पॅड घ्या.

प्रश्नकर्ता: आणि मांजर?

उत्तर: जिवंत प्राणी ओळखणारे सेन्सर काही पॅडमध्ये असतात. नसतील तर चार्जिंगपुरतं मांजर आत ठेवा. गळ्यात घुंगरू आहे का हो?

प्रश्नकर्ता: आहे. पितळी. आजच काढतो.