मदत हवी आहे: लिव्हर खराब असल्यावर डाळ बंद करायची का?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा): बाबांना सिरॉसिस आहे, लिव्हर फार खराब झालं म्हणून सांगितलं. मोठे काका म्हणतात डाळ, दूध, अंडी बंद करा, झेपत नाही. पंधरा दिवस झाले, मऊ भात अन् साबुदाणा चालू आहे. हातातलं कडं आता कोपराकडे सरकतं. द्यायचं काय? लवकर सांगा.

नदीकाठ: वजन किती? पोटात पाणी आहे का? गोळ्या कोणत्या?

पऱ्हाटी: पोट फुगलं आहे, एकदा पाणी काढलं. 58 किलो. लघवीच्या गोळ्या आहेत.

वऱ्हाडी७२: माह्या मामाले कावीळ झाली तं भुईआवळीचा रस देल्ला, सात दिवसांत ठणठणीत. गुळवेल बी चालू करा. सैंधव मीठ वापरा.

नदीकाठ: दादा, ती कावीळ वेगळी, हे वेगळं. गुळवेलीनं लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेत. सैंधवातही सोडियमच असतं.

वऱ्हाडी७२: आमचे आजे-पणजे काय मूर्ख होते काय? काहून भेव दाखवता?

नदीकाठ: माझ्या नवऱ्याचं चार वर्षं केलं आहे, म्हणून बोलते. पऱ्हाटी, डाळ आजच चालू करा. किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, तीही पाण्याचं वजन वगळून. ती मिळाली नाहीत तर शरीर स्वतःचं मांस खातं, कडं सरकतं ते त्यामुळेच. घट्ट वरण, दही, अंडी, थोडं थोडं पाच-सहा वेळा. झोपताना एक भाकरी दुधात कुस्करून द्या. रात्रभर उपाशी ठेवू नका, एकादशीही नको. मीठ दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत. पापड-लोणचं बंद, पण अगदी अळणी केलं तर माणूस ताट सरकवतो. लिंबू, जिरं, हिरवी मिरची घाला.

तूरडाळ: माझं सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलंय, भात सोडू का?

नदीकाठ: ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा. पऱ्हाटी, शौच रोज होते का? झोप कशी आहे?

पऱ्हाटी: तीन दिवस झाली नाही. दिवसा झोपतात, रात्रभर जागे. काल बहिणीला आत्याच्या नावानं हाक मारली. वयामुळे असेल.

नदीकाठ: हे आधी सांगायला हवं होतं! लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम होतोय. दोन्ही हात पुढे धरून पंजे ताठ ठेवायला सांगा, फडफडतात का बघा. लॅक्टुलोज, म्हणजे पोट साफ व्हायचं पातळ औषध, दिलं आहे का? त्यानं दिवसातून दोन-तीनदा पातळसर शौच व्हायला हवी. डाळ तरीही बंद नाही. पण आज आधी दवाखाना, सकाळची वाट बघू नका.

पऱ्हाटी: बाटली कपाटात आहे. हगवण लागते म्हणून काकांनी बंद केली होती. पंजे फडफडतात. गाडी बोलावली.

वऱ्हाडी७२: भाऊ, रात्रीचा रस्ता खराब हाय, सांभाळून न्या. बाटली अन् गोळ्याची चिठ्ठी संगं घ्या.

नदीकाठ: हो, आणि गुंगीत असतील तर तोंडात काही भरवू नका. पोचल्यावर कळवा, मी जागी आहे.