सिक्वेलला मराठीत काय म्हणायचं? उत्तरार्ध, पुढचा भाग की आणखी काही?

चहाबाज:
लोकहो, एक अडलंय. मैत्रिणीने फारच भुणभुण लावली म्हणून सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' (2015) वाचली, परीलोक, शाप, वसंताचा दरबार वगैरे, आणि आता पुढचं 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी' (2016) चालू आहे, रोज दीड-दीड वाजेपर्यंत जागून. काल बाबांनी विचारलं एवढं काय वाचतेस गं, मी म्हटलं "उत्तरार्ध". "एकूण पुस्तकं किती?" पाच. "मग दुसरं पुस्तक उत्तरार्ध कसं? अर्ध म्हणजे निम्मं ना?" एवढं बोलून परत पेपरात डोकं. तर नेमका शब्द काय? आणि सिक्वेल वाचला, वाचली की वाचलं?

रातराणी:
बाबांना फुल मार्क्स. उत्तरार्ध म्हणजे एकाच गोष्टीचा दुसरा निम्मा तुकडा. भागवताच्या दशम स्कंधाचे पूर्वार्ध-उत्तरार्ध आहेत, मॅचचा उत्तरार्ध असतो. सिक्वेलचं बऱ्याचदा तसं नसतं, पहिलं पुस्तक आपल्यापुरतं संपलेलं असतं आणि मग लेखिकेला पुढचं सुचतं (किंवा प्रकाशकाला). मी सरळ 'पुढचा भाग' म्हणते. लिंगाचं म्हणशील तर मी 'सिक्वेल वाचला', कारण मनात 'भाग' असतो. माझी बहीण 'वाचली' म्हणते, तिच्या मनात कादंबरी असते. दोन्ही चालतंय की.

तिखटमीठ:
'पुढचा भाग' म्हटलं की मला सिरियलच आठवते, उद्या रात्री साडेआठला. पुस्तकासाठी 'उत्तरकथा' कसं वाटतं?

खडूस आजोबा:
'उत्तर' जोडताना जपून हो, उत्तरक्रियाही त्यातलीच.

रातराणी:
आजोबा 😄 पण खरंय, इथे उत्तर म्हणजे जबाब नाही न् दिशाही नाही, 'नंतरचं'. उत्तररात्र, उत्तरायुष्य, गणपती हलवायच्या आधीची उत्तरपूजा. भवभूतीचं उत्तररामचरित पण तेच, रामाचं नंतरचं चरित्र.

खडूस आजोबा:
आता चेष्टा बाजूला. तुम्ही सगळे 'कादंबरी कादंबरी' करताय तो शब्द आला कुठून? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. त्यात आहे काय, तर गोष्ट सांगणारा पोपट, गंधर्वकन्या, शाप, पुनर्जन्म, राजपुत्र म्हणून जन्मलेला चंद्र आणि दोन जोड्यांचं प्रेम. म्हणजे ही तुमची रोमँटिक फँटसीच झाली की! आणि बाण ती अर्धवट टाकून वारला. राजपुत्राची सेविका पत्रलेखा त्याला कादंबरीची (हे नायिकेचंच नाव) विरहातली अवस्था सांगतेय आणि तिचं बोलणं चालू असतानाच मजकूर तुटतो. पुढचं त्याच्या मुलानं लिहिलं, आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं की वडिलांबरोबर कथाही थांबली, ती अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतंय म्हणून लिहितोय, कवित्वाचा माज म्हणून नाही. त्या दोन भागांना म्हणतात पूर्वभाग आणि उत्तरभाग. घ्या, शब्द आयता आहे. अर्ध-बिर्ध नाही, पाच काय पन्नास पुस्तकं असू देत.

तिखटमीठ:
बोलणं चालू असताना तुटतं?? हा तर जगातला सगळ्यात भारी क्लिफहँगर. खाली 'क्रमशः' पण नाही!

रातराणी:
क्लिफहँगरला मी 'क्रमशः-छाप शेवट' म्हणते बाय द वे. दिवाळी अंक सोडून बाकी मासिकांनी आपल्याला त्यावरच वाढवलंय, 'मागील अंकावरून पुढे चालू'. उत्तरभाग आवडला, पण बोलताना कोण म्हणेल? 'अगं उत्तरभाग आला का लायब्ररीत'... जीभ अडखळते.

बुक्का:
आमच्या घरात कीर्तन, त्यामुळे माझं मत 'उत्तररंग'. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मग मध्यंतर, बुक्का लावायचा, आणि उत्तररंगात आख्यान. आम्ही पोरं पूर्वरंगाला पेंगायचो आणि गोष्ट सुरू झाली की टक्क जागे. या सिरीजबद्दल पण सगळे हेच सांगतात ना, पहिलं कसंबसं संपव, खरी मजा दुसऱ्यात?

चहाबाज:
अगदी हेच! (पुढे रसभंग आहे, न वाचलेल्यांनी खाली जा.) पहिल्या पुस्तकात जिच्यासाठी जीव टाकला त्या जोडीचं दुसऱ्यात लग्न मोडतं आणि पहिला नायक साफ पत्ता कट. मग मागे जाऊन पहिलं पुस्तक चाळलं तर त्याचं वागणं तेव्हाच खटकायला हवं होतं असं वाटायला लागलं. हे नुसतं 'पुढचं' नाहीये, मागचं पण बदलतंय. म्हणून मला उत्तररंग पटतंय, निरूपण कशासाठी होतं ते आख्यान ऐकल्यावर कळतं तसं.

खडूस आजोबा:
उपमा म्हणून छान. पण कीर्तनात दोन्ही रंग एकाच बैठकीत होतात, आणि तिसरा रंग नसतो. पाच पुस्तकांना काय कराल? माझा उत्तरभागच बरा.

तिखटमीठ:
म्हणजे लिहिताना उत्तरभाग, बोलताना पुढचा भाग, भांडताना सिक्वेल.

चहाबाज:
बाबांना दोन्ही शब्द सांगितले. उत्तरभाग लगेच मान्य. उत्तररंग ऐकून चष्मा काढला आणि म्हणाले, आण बघू, कसलं आख्यान आहे ते मी पण वाचतो. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल मी का घाबरले ते. पुस्तक लायब्ररीत परत दिलं असं सांगितलंय, सध्या उशीच्या अभ्र्यात आहे.