"तू ठरव" म्हणायची सवय कशी मोडायची?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी, लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, वय ४१, मुलगी सात वर्षांची. गेल्या आठवड्यात जेवताना तिने मूठ उघडून पडलेला दात दाखवला, मी म्हटलं अरे वा कधी पडला, तर म्हणाली "बाबा, काल दाखवला ना तुला". आणि मला काही म्हणजे काहीच आठवेना. बायको म्हणाली की मी सोफ्यावर मोबाईल बघत होतो आणि "छान छान" म्हणालो. पोरगी हातभर अंतरावर उभी होती हो.

तेव्हापासून स्वतःकडे बघतोय तर घरात मी तीनच शब्द बोलतो, "चालेल", "बघू" आणि "तू ठरव". भाजी कुठली, तू ठरव. पोरीला पोहायला घालायचं का, बघू. आणि मनासारखं नाही झालं की धुसफूस परत माझीच. कंपनीत पार्ट ओके की रिजेक्ट हे मी सही करून सांगतो, तिथे "बघू" चालत नाही, मग घरीच असं का? कोणी यातून बाहेर पडलं असेल तर नेमकं काय केलंत ते सांगा, "वर्तमानात जगा" वगैरे वाचून झालंय.

गंगापूररोड_ताई:
दादा, मी तुमच्या मिसेसच्या बाजूने लिहिते. "तू ठरव" ऐकायला मोठ्या मनाचं वाटतं पण ठरवायचं कामही आमच्यावर आणि चुकलं तर ऐकून घ्यायचं पण आम्हीच. मुलाची शाळा मी एकटीने बघितली, लांब पडली, तर पुढची दोन वर्षं ट्रॅफिकमध्ये अडकलं की "तूच घेतली होतीस अ‍ॅडमिशन". फार लागतं ते. आता आमच्याकडे एक नियम आहे, मत नसेल तर पूर्ण वाक्य बोलायचं, "मला दोन्ही चालेल आणि नंतर मी कुरकुर करणार नाही". हे बोलताना जीभ अडखळली की समजायचं, मत आहे.

बागायतदार_निफाड:
आमच्याकडे द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीला हेच असतं बघा. लवकर घेतली तर परतीच्या पावसात डावणी रोगाची भीती, उशिरा घेतली तर सगळ्यांचा माल एकदम मार्केटला येतो आणि भाव पडतो. सल्ला द्यायला औषधवाला, पाव्हणे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सगळे असतात, पण कात्री आपल्याच बागेला लागते. एका साली शेजाऱ्याने घेतली म्हणून मी पण घेतली, घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, डावणीने निम्मा माल गेला आणि मी वर्षभर शेजाऱ्याला नावं ठेवत फिरलो. पाऊस माझ्या हातात नव्हता, तारीख होती. तेव्हापासून डायरीत तारखेपुढे एक ओळ लिहितो, ही का धरली. शेजाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली की त्या दिवशी छाटणी नाही.

आणि लक्षाचं म्हणाल तर घडातले जादा मणी काढायची विरळणी करताना फोनवर बोलत बसलं की कात्री चांगल्या मण्यातच जाते, म्हणून फोन बांधावर ठेवायचा.

गोदाकाठ:
मी इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, फोन जमा, पूर्ण मौन, पहाटे ४ ला घंटा, सुरुवातीला तीन दिवस नुसता श्वास बघायचा. खूप शांत वाटलं आणि नाशिकला आल्यावर पंधरा दिवसात पुन्हा तसाच झालो. मला वाटतं तिथे ठरवायचं काहीच नसतं, घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की जेवायचं, घरी मात्र प्रत्येक वेळी आपणच ठरवावं लागतं. माझं एवढंच टिकलंय, पार्किंगमध्ये गाडी लावली की दोन मिनिटं तिथेच बसतो, ऑफिसचे राहिलेले फोन खालीच उरकतो, मग वर जातो.

सातपूरकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कुठे जायचं विचारल्यावर तोंडात "तू" आलाच होता, थांबलो आणि म्हटलं सोमेश्वरचा धबधबा, सकाळी ८ ला निघू. तिथे पावसाने झोडपलं, पोरगी चिंब, रात्री सर्दी. बायको म्हणाली कोणाची आयडिया होती ही. म्हटलं माझी, आणि वाफ द्यायला मीच बसलो. ताई, ते पूर्ण वाक्य मला दोनदा बोलता आलं नाही, दोन्ही वेळा मत निघालं. पोहण्याचा फॉर्म आणलाय. खालचा दुसरा दात हलतोय, आत्ताच बोट लावून बघितला, एका बाजूलाच धरून राहिलाय.